रहस्याला कागद हवा : इंदूरच्या मराठी घरातली न्यायालयीन थरारकथा कशी रचावी

न्यायालयीन थरारकथा लिहायला घेणारे बहुतेक नवे लेखक खुनापासून सुरुवात करतात. मग खुनी ठरवतात, त्याच्यासाठी एखादे कौटुंबिक गुपित शोधतात आणि शेवटी न्यायालयाचा एक प्रसंग जोडून देतात. अशा कथेत कायदा हा पडद्यासारखा मागे लोंबत राहतो. तो काढून घेतला तरी कथेचे काही बिघडत नाही. इंदूरच्या जिल्हा न्यायालयात मी अनेक वर्षे दिवाणी दाव्यांचे काम केले आहे आणि त्या अनुभवावरून माझा आग्रह असा आहे की आरंभ एका कागदापासून करावा. घराण्यातले गुपित जोवर कुणाच्या तरी आठवणीतच असते तोवर ती कुजबुज असते. त्याचा कागद झाला, त्या कागदावर तारीख पडली आणि तो कुठल्यातरी कपाटात जाऊन बसला, की त्याच्यासाठी पैसे मागता येतात, दावा लावता येतो आणि सूडही उगवता येतो.

पुढील पायऱ्या समजाव्यात म्हणून एकच काल्पनिक कथानक शेवटपर्यंत वापरतो. जुनी इंदूरमध्ये एक वाडा आहे. आजोबांनी तो 1958 साली स्वकष्टाच्या पैशातून विकत घेतला. त्यांना पत्नी, थोरला मुलगा आणि एक मुलगी, म्हणजे घरातल्यांची आत्या. आजोबा 1998 साली वारले आणि 2001 साली थोरल्या मुलाने 1994 ची तारीख असलेले एक मृत्युपत्र पुढे करून वाडा आपल्या नावावर चढवून घेतला. हे मृत्युपत्र बनावट आहे.

पहिली पायरी गुपिताची निवड करण्याची आहे. गुपित लाजिरवाणे असून भागत नाही. ते उघड झाल्याने कुणाचा तरी हक्क बदलला पाहिजे. आमच्या कथेत आजोबांनी 1961 साली देवासला दुसरे लग्न केले आणि त्या लग्नापासून त्यांना एक मुलगा झाला, असे धरू. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानंतर पहिली पत्नी हयात असताना केलेले हे लग्न कायद्याच्या दृष्टीने झालेच नाही, म्हणून देवासच्या बाईंना विधवेचा वाटा मिळत नाही. मुलाचे मात्र तसे नाही. त्याच कायद्याच्या कलम 16 प्रमाणे तो औरस मानला जातो आणि आईवडिलांच्या मालमत्तेत त्याला हक्क असतो. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने रेवणसिद्धप्पा प्रकरणात हे अधिक स्पष्ट केले आणि एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत वडिलांच्या वाट्याला जे आले असते त्यातही अशा संततीला हिस्सा दिला. म्हणजे आजोबा मृत्युपत्र न करता गेले असतील, तर देवासचे काका हे वाड्याचे एक वारस ठरतात. जी गोष्ट चाळीस किलोमीटरवर सर्वांना ठाऊक असूनही जुनी इंदूरमध्ये कुणी उच्चारत नाही, तिची किंमत अशी एका कलमात मोजता येते.

येथे एक चूक फार वेळा आढळते. मुलींना वाटा 2005 च्या दुरुस्तीनंतर मिळू लागला, असे समजून लेखक आत्याला गोष्टीतून वगळतात. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतील सहदायकत्वाविषयी, म्हणजे जन्मानेच मिळणाऱ्या हिश्श्याविषयी, होती. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच मुलाइतका वाटा आहे. त्यामुळे बनावट मृत्युपत्राने देवासच्या काकांबरोबर आत्याचाही हक्क बुडवला आहे. भाऊबीजेला दरवर्षी वाड्यात येणारी आत्या काहीही न बोलता ताट हातात घेऊन भावाला ओवाळते, हा प्रसंग लिहिताना तिला काय माहीत आहे हे लेखकाने आधी ठरवलेले असले पाहिजे.

दुसरी पायरी कागद घडवण्याची, आणि हीच सर्वांत जास्त वेळ घेते. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. साध्या कोऱ्या कागदावर लिहून मृत्युपत्रकर्त्याने सही केली आणि दोन साक्षीदारांनी रीतसर साक्षांकन केले की 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याची अट पुरी होते. बनावट करणाऱ्याला हा साधेपणा सोयीचा असतो, कारण मुद्रांक विक्रेत्याच्या वहीतला क्रमांक त्याला अडवू शकत नाही. इंदूरच्या हिंदू कुटुंबाला असे मृत्युपत्र वापरण्याआधी प्रोबेट, म्हणजे ते सिद्ध झाल्याचा न्यायालयाचा दाखला, घेण्याची सक्तीही नव्हती. ती मुंबई, कोलकाता आणि चेन्नईची गोष्ट होती. त्यामुळे कुठल्याही न्यायाधीशाच्या डोळ्यांखालून न जाता हा कागद महापालिकेत नामांतरणासाठी दाखल झाला, हे पटण्यासारखे आहे.

कागद खोटा असल्याची खूण त्याच कागदात असावी आणि ती इथल्या इतिहासातून यावी. आमच्या मृत्युपत्रात रायपूरच्या एका भूखंडाचाही उल्लेख आहे आणि तो ‘छत्तीसगड राज्य’ असा टंकलिखित आहे. छत्तीसगड राज्य 1 नोव्हेंबर 2000 रोजी झाले. 1994 साली लिहिलेल्या कागदात ते राज्य येऊ शकत नाही. 2001 साली लिहिणाऱ्याच्या बोटांना मात्र नव्या पत्त्याची सवय झालेली असते. अशी खूण वाचकाच्या डोळ्यांसमोर पहिल्या पन्नास पानांतच ठेवावी आणि तिच्याविषयी एक अक्षरही बोलू नये.

कागद तीस वर्षांचा झाला की तो आपोआप खरा धरला जातो, हा समज कथानकाचा आधार करू नये. जुन्या दस्तऐवजांविषयी तसे अनुमान काढण्याची मुभा न्यायालयाला आहे, ती आधी पुरावा कायद्याच्या कलम 90 मध्ये होती आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. पण मृत्युपत्राला ते अनुमान लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. मृत्युपत्र सिद्ध करायचे तर हयात असलेला किमान एक साक्षीदार उभा करावा लागतो. तोही उरला नसेल तर सह्यांचे हस्ताक्षर सिद्ध करावे लागते. म्हणून साक्षीदारांचे आयुष्य हे थरारकथेत फार मोलाचे असते: दोघांपैकी एक वारलेला आणि दुसरा छत्रीबागेत अंथरुणाला खिळलेला असेल, तर त्याच्या प्रत्येक ठसक्याला वाचक दचकेल.

याच पायरीवर दुसरा कागदही तयार करावा. 1908 च्या नोंदणी कायद्यात कलम 42 ते 46 अशी एक तरतूद आहे, जी वकिलांच्याही सहसा लक्षात राहत नाही आणि कथाकाराला तर सोन्यासारखी आहे. कोणीही आपले मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात घालून, त्यावर आपले नाव आणि आतील कागदाचे स्वरूप लिहून, जिल्ह्याच्या निबंधकाकडे ठेव म्हणून देऊ शकतो. ते जिवंतपणी परत मागण्याचा अधिकार त्याचाच असतो. मृत्यूनंतर कुणी अर्ज केला आणि निबंधकाची मृत्यूविषयी खात्री पटली, तर अर्जदारासमोर पाकीट उघडून मजकुराची नक्कल नोंदवहीत उतरवतात आणि मूळ कागद पुन्हा ठेवून देतात. कुणी अर्जच केला नाही तर पाकीट तसेच राहते. आमच्या आजोबांनी 1996 साली असे पाकीट ठेवले होते. घरात कुणालाच ते माहीत नाही. फक्त त्या वर्षीच्या पंचांगाच्या समासात त्यांच्या हातची तारीख आणि एक क्रमांक आहे, आणि ते पंचांग देवघरातल्या जुन्या पोथ्यांत बांधलेले आहे.

दोन मृत्युपत्रांत नंतरचे चालते. बनावट करणाऱ्याने 1994 ही तारीख घातली तेव्हा त्याला 1996 चे पाकीट ठाऊक नव्हते. म्हणजे बनावट कागद उद्या खरा ठरला तरी तो निरुपयोगी आहे, आणि हे सत्य सरकारी कपाटात सबंध कादंबरीभर पडून आहे.

तिसरी पायरी तारखांचा तक्ता. प्रत्येक पात्राचे जन्मवर्ष, प्रत्येक कागदाची तारीख आणि कोणत्या पात्राला कोणती गोष्ट कधी कळली, असे तीन रकाने करावेत. त्यांपैकी तिसरा रकाना कायद्यालाही महत्त्वाचा असतो. सहवारसाला त्याचा हक्क नाकारला गेल्याचे कळले, की ढोबळमानाने बारा वर्षांत दावा लावावा लागतो. आणि फसवणुकीने सत्य दडवलेले असेल, तर 1963 च्या मुदत कायद्याच्या कलम 17 प्रमाणे ते उघड होईपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही. तेव्हा ‘तुम्हांला केव्हा कळले?’ हा एक प्रश्न सबंध दाव्याचा निकाल लावू शकतो. तारीख निवडताना आणखी एक सांभाळावे. कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला होता. तुमच्या कथेतली मुदत त्या दोन वर्षांत संपत असेल तर जाणता वाचक तुम्हांला तिथेच पकडेल.

चौथी पायरी धमकावणाऱ्याची, आणि तिच्यावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे. नव्या लेखकांचा धमकावणारा काळोखात फोन करतो आणि मोठी रक्कम मागतो. आमच्या कथेतला माणूस बनावट मृत्युपत्राच्या मृत साक्षीदाराचा मुलगा आहे. वडिलांच्या मागे त्याला त्यांची रोजनिशी सापडली आणि तिच्यात 2001 च्या एका पानावर थोरल्या मुलाच्या सांगण्यावरून कशावर सही केली हे लिहिलेले आहे. त्याने 2006 साली प्रथम देवासच्या काकांना पत्र लिहिले आणि रोजनिशी विकत घेण्याचे सुचवले. काकांजवळ पैसे नव्हते आणि इंदूरच्या घराविरुद्ध उभे राहण्याचे धैर्यही नव्हते; त्यांनी पत्र ट्रंकेत ठेवून दिले. मग तो माणूस वाड्याकडे वळला आणि दरमहा पैसे घेऊ लागला. आता पेच पाहा. काकांच्या ट्रंकेतले ते पत्र त्यांचा हक्क सांगते आणि त्याच वेळी त्यांना 2006 सालीच सारे कळले होते हेही सांगते, म्हणजे 2018 साली त्यांचे दिवाणी दार बंद झाले. एका पत्राच्या जोरावर तो माणूस दोन्ही घरांना धरून ठेवू शकतो, आणि आरडाओरडा करण्याची त्याला गरज पडत नाही.

ब्लॅकमेल हे कायद्यात गुन्ह्याचे नाव नाही. तो खंडणीत मोडतो: 1 जुलै 2024 पूर्वीच्या कृत्यांना भारतीय दंड संहितेची कलमे 383 ते 389, त्यानंतरच्या कृत्यांना भारतीय न्याय संहितेचे कलम 308. यातला फरक लेखकाने नीट वापरावा. जुन्या संहितेत साध्या खंडणीला जास्तीत जास्त तीन वर्षे शिक्षा होती, आणि तेवढ्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला तीन वर्षांची मुदत असे. नव्या संहितेत शिक्षा सात वर्षांपर्यंत गेली आणि ती मुदत उरली नाही. याशिवाय धमकीचे शब्दही महत्त्वाचे आहेत. ‘तुमच्या वडिलांचे देवासचे घर सगळ्या समाजाला सांगेन’ ही अब्रूची धमकी झाली. ‘तुम्ही मृत्युपत्र बनावट केले अशी फिर्याद करीन’ ही जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याच्या आरोपाची धमकी झाली, आणि अशा खंडणीला जुन्या कायद्यातही दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. कायदा जाणणारा धमकावणारा वर्षानुवर्षे पहिलेच वाक्य बोलेल आणि दुसरे कधीही उच्चारणार नाही. कादंबरीच्या मध्यावर एका रागाच्या क्षणी, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ, त्याच्या तोंडून दुसरे वाक्य निघून जावे आणि समोरच्याच्या खिशातला फोन ते टिपून घेत असावा. ते ध्वनिमुद्रण न्यायालयात चालवायचे तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र लागते, हेही विसरू नये. मूळ फोन कुणाच्या ताब्यात होता यावर एक सबंध प्रकरण उभे राहू शकते.

पाचवी पायरी वकिलाची आहे. थोरल्या मुलाची मुलगी वकील आहे आणि वडिलांची बाजू तिच्याकडे आहे, असे धरले तर तिचे हात कुठे बांधलेले आहेत ते तपासा. अशिलाने विश्वासाने सांगितलेली जुनी चूक ती त्याच्या संमतीशिवाय उघड करू शकत नाही. अशिलाने पुढे करायच्या बेकायदेशीर कृत्यासाठी तिची मदत मागितली, उदाहरणार्थ ‘रोजनिशी मिळाली की जाळून टाकू’ असे तो म्हणाला, तर त्या बोलण्याला हे संरक्षण नाही. ‘बाबा, तुम्ही हे मला मुलगी म्हणून सांगताय की वकील म्हणून?’ हा प्रश्न तिने स्वयंपाकघराच्या दारात विचारावा आणि बाबांनी उत्तर देऊ नये. पुढे आपणच साक्षीदार होऊ असे दिसू लागले, तर वकिली व्यवसायाच्या नियमांप्रमाणे तिला ते प्रकरण सोडावे लागते. सोडण्याचा तो दिवस माझ्या मते कथेतला सर्वांत अवघड दिवस असतो.

सहावी पायरी न्यायालयातला प्रसंग. ज्युरी नाही, हातोडा नाही आणि दिवाणी दाव्यात साक्षीदाराची सरतपासणी, म्हणजे त्याच्याच बाजूने घेतलेली जबानी, बहुधा शपथपत्रावरच झालेली असते. म्हणून प्रसंग थेट उलटतपासणीपासून सुरू करावा. ऐनवेळी कागद बाहेर काढण्याची हौस असेल तर कायद्याने एक वाट ठेवली आहे: एरवी सारे कागद आधीच दाखल करावे लागतात, पण विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराच्या उलटतपासणीत दाखवायच्या कागदाला दिवाणी प्रक्रिया संहितेने या बंधनातून सूट दिली आहे. 2006 चे पत्र याच वाटेने काकांच्या समोर यावे.

इंदूरला आणखी एक गोष्ट मिळते जी पुण्यातल्या लेखकाला मिळणार नाही. घर मराठीत बोलते आणि जिल्हा न्यायालय हिंदीत चालते. तारखेला इथे पेशी म्हणतात, आणि घरातली म्हातारी माणसेही ‘उद्या पेशी आहे’ असेच म्हणतात. मराठी रोजनिशी न्यायालयात जाते ती अनुवादाच्या हातून. तिच्यातले वाक्य असे ठेवा: ‘आज अण्णांची सही घेतली’. अण्णा म्हणजे आपले आजोबा. शाई फिकी झाली आहे, आणि ‘घेतली’ की ‘केली’ हे नीट लागत नाही. अण्णांची सही घेतली म्हणजे अण्णा तिथे होते. अण्णांची सही केली म्हणजे ती दुसऱ्याने केली. अनुवादकाने दोन्हींसाठी एकच गुळगुळीत हिंदी वाक्य लिहिले आहे. मृत माणसाचे लिखाण पुराव्यात येते का, हा आक्षेप निघेलच. जे विधान करणाऱ्यालाच फौजदारी कारवाईत अडकवू शकले असते, ते तो मेल्यावर पुराव्यात घेता येते. अण्णा 1998 सालीच गेलेले असताना 2001 च्या पानावर ‘सही घेतली’ हे शब्द असूच शकत नाहीत, हे कुणाच्या लक्षात कधी यावे ते तुम्ही ठरवा. माझ्या कथेत ते आत्याच्या लक्षात येते, कारण वर्षश्राद्धाचा स्वयंपाक तिने केलेला असतो.

सातवी पायरी सूड. दिवाणी दार बंद झाले तरी मृत्युपत्र बनावट करण्याच्या गुन्ह्याला मुदत नाही, म्हणून देवासच्या काकांची मुलगी वाटा मागण्याऐवजी फौजदारी तक्रार करते. तिला वाडा नको आहे. आपल्या आजीला ज्या घराने नाव दिले नाही त्या घरातल्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे पाहायचे आहे. तिच्याच वकिलाने पंचांगातला क्रमांक मिळवून निबंधकाकडे अर्ज करावा, पाकीट उघडावे, आणि आत आजोबांनी वाडा आत्याला दिलेला असावा. तक्रार करणाऱ्या मुलीला यातून एक वीटही मिळत नाही. तिने अर्ज केला नसता तर हे कधीच बाहेर आले नसते. यानंतर ती आत्याला भेटायला जाते की नाही, यासाठी एक पूर्ण प्रकरण राखून ठेवावे आणि त्यात कायद्याचा शब्द येऊ देऊ नये.

शेवटची पायरी हस्तलिखित कुणाला दाखवण्यापूर्वीची. इंदूरचा मराठी समाज एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखतो. सार्वजनिक नोंदीतले प्रकरण वापरायला हरकत नाही. इंदूर दरबारातून निघून गेलेल्या मुमताज बेगमवरून 12 जानेवारी 1925 रोजी मुंबईत मलबार हिलवर झालेला व्यापारी बावला यांचा खून आणि त्यानंतर 1926 साली इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांनी सोडलेली गादी हा छापील इतिहास आहे. शेजारच्या वाड्यात ऐकलेली गोष्ट मात्र तशीच उचलू नये. मृत व्यक्तीविषयीचा मजकूरही, तिच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने लिहिलेला असेल तर, बदनामी ठरू शकतो. त्यामुळे व्यवसाय, भावंडांची संख्या, गल्ली आणि मृत्यूचे साल या चारही गोष्टी बदलाव्यात, आणि बदलल्यावर तारखांचा तक्ता पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासावा, कारण मृत्यूचे साल दोन वर्षांनी सरकले तरी मुदत, पाकीट आणि रोजनिशीचे ते पान ही तिन्ही जागची हलतात.